ब्रिज फायरवॉल एमबफ संपून पडते तेव्हा काय करायचं: नवख्यांसाठी पायरीवार

नागपुरातल्या ऑफिसांची आणि कॉलेजांची नेटवर्कं सांभाळताना एक प्रकार मला वारंवार दिसतो. राउटर आणि मुख्य स्विच यांच्या मधे कुणीतरी कधीतरी एक पीसी बसवलेला असतो. त्यावर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम, दोन नेटवर्क कार्डं, दोन्ही कार्डं ब्रिजमध्ये जोडलेली (एकीकडून आलेलं पॅकेट जसंच्या तसं दुसरीकडे जातं) आणि त्यावर नको ती पॅकेटं अडवणारा फिल्टर. बसवणारा नोकरी बदलून पुण्याला गेलेला असतो. बॉक्सला आयपी नाही, ट्रेसरूटमध्ये तो दिसत नाही, त्यामुळे तो आहे हेच नव्या माणसाला ठाऊक नसतं. मग एखाद्या दुपारी सगळं नेट जातं. राउटर ठीक, स्विच ठीक, आणि कपाटातल्या त्या पीसीच्या पडद्यावर पॅनिकच्या, म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा) कोसळल्याच्या, ओळी.

शोधाशोध केली की पहिला सल्ला ठरलेला मिळतो: एनएमबीक्लस्टर्सचा आकडा, म्हणजे एमबफच्या क्लस्टरांची मर्यादा, वाढवा. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आकड्याला हात सगळ्यात शेवटी लावा. एमबफ (पॅकेटं ठेवायचे मेमरीचे तुकडे) संपले तर कर्नलने पॅकेट टाकून द्यायचं असतं, स्वतः पडायचं नसतं. तो पडला याचा अर्थ दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. काहीतरी एमबफ खातंय, आणि कुठेतरी ‘एमबफ मिळाला नाही’ हे उत्तर न तपासता कोड पुढे गेलाय. नुसता आकडा वाढवला तर यातली एकही गोष्ट सुटत नाही, फक्त पडण्याची वेळ पुढे सरकते. आज दुपारी पडणारी फायरवॉल पुढच्या आठवड्यात, तुम्ही गावाला गेलेले असताना पडते.

हे सगळं फ्रीबीएसडी आणि त्यावर उभ्या असलेल्या पीएफसेन्स, ओपीएनसेन्स या फायरवॉल सिस्टिमांसाठी आहे. लिनक्सच्या ब्रिजमध्ये एमबफ नसतात, तिथे यातल्या आज्ञा चालणार नाहीत. आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवा. फक्त ‘ऑटो’, ‘एफएआयएल’ आणि पायरी ४ मधल्या ‘नेटस्टॅट -आय’चा ‘आय’ तेवढे मोठ्या अक्षरांत असतात.

आधी एमबफ म्हणजे काय ते

कार्डावर आलेलं प्रत्येक पॅकेट कर्नल मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात ठेवतो. एक एमबफ २५६ बाइटचा. पॅकेट त्यात मावत नसेल तर त्याला २,०४८ बाइटचा क्लस्टर जोडला जातो. १,५०० बाइटचं नेहमीचं पॅकेट एका क्लस्टरमध्ये बसतं. मात्र कार्डाला आधीच रिकामे क्लस्टर देऊन ठेवलेले असतात, त्यामुळे बऱ्याच ड्रायव्हरांत ६४ बाइटचं चिमुकलं पॅकेटही अख्खा क्लस्टर अडवतं. कळमन्याच्या बाजारात एका क्रेटमध्ये एकच संत्रं ठेवलं तरी क्रेट गुंतलेलाच राहतो, तसं. म्हणून बँडविड्थचा आलेख अगदी सपाट असतानाही एमबफ संपू शकतात. एमबीपीएस बघू नका, सेकंदाला किती पॅकेटं जातायत ते बघा.

ही मेमरी कर्नलची आहे आणि ती स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जात नाही. त्यामुळे स्वॅप वाढवून एमबफ वाढतील ही आशा सोडा. स्वॅप वेगळ्या कारणासाठी लागणार आहे, ते पायरी २ मध्ये येईल.

हाताशी काय हवं

- मॉनिटर आणि कीबोर्ड, किंवा सीरियल कन्सोल केबल. ब्रिजला आयपी नसेल तर एसएसएचने आत शिरता येणार नाही.
- जमलं तर तिसरं नेटवर्क कार्ड, फक्त व्यवस्थापनासाठी. ते ब्रिजमध्ये घालायचं नाही.
- लॉग पाठवायला दुसरं एखादं मशीन.
- मेमटेस्ट८६+ (रॅम तपासायचा प्रोग्राम) टाकलेला पेनड्राइव्ह.
- ‘/बूट/लोडर.कॉन्फ’, ‘/ईटीसी/आरसी.कॉन्फ’, ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ’ आणि फिल्टरच्या नियमांची प्रत. सिसकंट्रोलच्या फाइलचं खरं नाव ‘सिसीटीएल’ (एस-वाय-एस-सी-टी-एल) असं आखूड आहे.
- ऑफिस बंद असतानाची वेळ, आणि वरिष्ठांची लेखी परवानगी. फायरवॉल बाजूला काढायची असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका.

ब्रिजचा एक मोठा फायदा असा की तो काढून टाकला तरी नेट चालू राहतं. राउटर आणि स्विच यांना एका पॅचकॉर्डने थेट जोडलं की झालं. पण या सोयीतच सगळ्यात घातक सापळा आहे. थेट केबल लावलेली असताना फायरवॉल चालू करू नका. फायरवॉलच्या दोन्ही केबली जागेवर आणि शेजारून थेट केबल, म्हणजे पूर्ण लूप: पॅकेटं गोल गोल फिरत राहतात. मशीन बूट होऊन ब्रिज उभा राहिला की काही क्षणांत ब्रॉडकास्टचा (सगळ्यांसाठी पाठवलेल्या पॅकेटांचा) पूर येतो, आणि तुम्ही शोधत होता तोच बिघाड तुम्ही स्वतः तयार करता. आधी फायरवॉलच्या केबली काढा, मग थेट केबल लावा. परत आणताना उलट क्रम.

पायरी १: पडली की अडली?

हे दोन वेगळे रोग आहेत आणि ‘नेट गेलं’ या एका वाक्यात दोन्ही लपतात.

कन्सोलवर ‘पॅनिक’ किंवा ‘फेटल ट्रॅप १२: पेज फॉल्ट’ दिसत असेल, किंवा ‘अपटाइम’ काही मिनिटांचाच निघाला, तर मशीन पडलं होतं. कन्सोल चालू आहे, लॉगिन होतंय, पण पॅकेटं जात नाहीत, असं असेल तर ते अडलंय. अडलेल्या मशीनच्या लॉगमध्ये ‘कर्न.आयपीसी.एनएमबीक्लस्टर्स लिमिट रीच्ड’ अशी ओळ बहुधा सापडते. अडलेलं मशीन घाईने रीबूट करू नका. पायरी ३ मधली माहिती त्याच अवस्थेत मिळते, रीबूटनंतर सगळे आकडे शून्यावर येतात.

अजून एक चकवा. पिंग केल्यावर ‘नो बफर स्पेस अव्हेलेबल’ आलं की लोक लगेच एमबफ संपले असं धरून चालतात. कार्डाची बाहेर जाणारी रांग तुंबली तरी हाच संदेश येतो. पलीकडची लिंक मेली असेल, केबल सैल असेल तरी येतो. एमबफचा निकाल पिंगवरून लावायचा नाही.

पायरी २: पुढच्या पॅनिकचा पुरावा मिळेल अशी तयारी

पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो उपयोगी असतो, पण पुरेसा नसतो. कर्नल पडताना त्याची मेमरी डिस्कवर उतरायला हवी, यालाच डम्प म्हणतात. त्यासाठी स्वॅप पार्टिशन लागतं आणि ‘आरसी.कॉन्फ’मध्ये ‘डम्पडेव्ह’ची किंमत ‘ऑटो’ लागते. पुढच्या बूटला ‘सेव्हकोअर’ ती मेमरी उचलून ‘/व्हार/क्रॅश’मध्ये ठेवतो: व्हीएमकोअर आणि इन्फो. त्यावरून ‘क्रॅशइन्फो’ कोअर.टीएक्सटी बनवतो. तिसरी फाइल वाचण्याजोगी असते. तिच्यात बॅकट्रेस (पडताना कोणती फंक्शनं एकामागून एक चालू होती त्याची यादी) यावा म्हणून ‘जीडीबी’चं पॅकेज आधीच टाकून ठेवा.

छोट्या एसएसडीवर इन्स्टॉल करताना जागा वाचवायला स्वॅप वगळलेला असतो, असे बॉक्स मी बरेच पाहिलेत. तिथे पॅनिकनंतर हाती काहीच लागत नाही. ‘डम्पऑन -एल’ चालवून डम्पची जागा ठरलेली आहे का ते बघा. मग ऑफिस बंद असताना ‘सिसीटीएल डीबग.केडीबी.पॅनिक=१’ देऊन मुद्दाम पॅनिक करा आणि फाइल तयार होते का तपासा. ही चाचणी टाळू नका. खऱ्या बिघाडाच्या दिवशी डम्प सापडला नाही तर पुढच्या पॅनिकची वाट बघत बसावं लागतं.

पायरी ३: ‘नेटस्टॅट -एम’ वाचायला शिका

सगळा निवाडा इथे होतो, म्हणून या पायरीला वेळ द्या. समजा अशी ओळ दिसली:

२४३८०/१२२०/२५६००/२५६०० एमबफ क्लस्टर्स इन यूज (करंट/कॅश/टोटल/मॅक्स)

पहिला आकडा आत्ता वापरात असलेल्यांचा. दुसरा, मोकळे झालेले पण लगेच पुन्हा देता यावेत म्हणून बाजूला राखलेल्यांचा. तिसरा या दोघांची बेरीज. चौथा मर्यादेचा. नवखा माणूस तिसरा आणि चौथा सारखे बघून घाबरतो. पण करंट कमी आणि कॅश मोठा असेल तर काळजीचं कारण नाही; मशीन कधीतरी तिथवर जाऊन परत आलंय, एवढाच त्याचा अर्थ. वरच्या उदाहरणात मात्र करंटच मर्यादेला टेकलाय.

मग खाली ‘रिक्वेस्ट्स फॉर एमबफ्स डिनाइड’ ही ओळ शोधा. तिथे तीन आकडे असतात: एमबफ, क्लस्टर, आणि दोन्ही मिळून. तिन्ही शून्य असतील तर बूट झाल्यापासून एकही मागणी नाकारली गेलेली नाही. अशा मशीनवर मर्यादा वाढवून काडीचाही फरक पडणार नाही, आणि पॅनिकचं कारण दुसरीकडे आहे. जंबो फ्रेम (१,५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेटं) वापरत असाल तर ४के, ९के आणि १६के क्लस्टरांच्या ओळी वेगळ्या बघा. ९केच्या क्लस्टरला सलग लागून असलेली मेमरी लागते. मशीन बरेच दिवस चालू राहिलं की मेमरी विखुरते आणि एकूण मेमरी शिल्लक असूनही ९केची मागणी नाकारली जाते. ऑफिसच्या फायरवॉलवर जंबो फ्रेमची खरंच गरज आहे का, हाही विचार करा. बहुतेक ठिकाणी नसते.

‘व्हीएमस्टॅट -झेड’मध्ये एमबफच्या ओळींपुढे ‘एफएआयएल’ हा रकाना असतो, तो हेच दुसऱ्या बाजूने सांगतो.

आता क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) दर मिनिटाला ‘डेट’ आणि ‘नेटस्टॅट -एम’ चालवून फाइलला जोडत राहा, आणि तीच ओळ ‘लॉगर’ने दुसऱ्या मशीनवरही पाठवा. पडणाऱ्या मशीनच्या डिस्कवर शेवटची मिनिटं कित्येकदा उतरलेलीच नसतात, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असतात.

पायरी ४: वाढीचा आकार बघा

काही दिवसांची नोंद जमली की करंटचा आकडा वेळेसमोर मांडा. साध्या स्प्रेडशीटवर होतं. तीन आकार निघतात.

*दिवसा चढतो, रात्री उतरतो.* हा खरा वापर आहे. मर्यादा कमी पडतेय आणि ती वाढवणं योग्य आहे.

*हळूहळू चढतो, रात्रीही उतरत नाही.* ही गळती. कुणीतरी एमबफ घेतो आणि परत करत नाही. इथे मर्यादा वाढवणं व्यर्थ आहे. ‘युनेम -ए’ने आवृत्ती बघा, तिचा सपोर्ट संपलेला असेल तर आधी अपग्रेड. ड्रायव्हर आणि फिल्टरचा एकेक भाग बंद करून चढ थांबतो का ते बघा. एका वेळी एकच बदल, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही.

*सपाट असतो आणि काही सेकंदांत भिंतीसारखा उभा चढतो.* हा लूप किंवा पूर. दर मिनिटाच्या नोंदीत मधल्या पायऱ्या दिसणारच नाहीत, एका नोंदीत सगळं शांत आणि पुढच्या नोंदीत मर्यादा.

तिसऱ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण ब्रिजवर तोच जास्त भेटतो. एका कॉलेजच्या लॅबमध्ये झाडलोट करताना एक पॅचकॉर्ड जमिनीवर मोकळी सापडली. कर्मचाऱ्याने चांगल्या हेतूने ती भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटमध्ये खोचली. तिचं दुसरं टोक आधीच शेजारच्या सॉकेटमध्ये होतं, आणि त्या खोलीतला स्विच साधा होता. सगळा परिसर ठप्प झाला, आणि दोष फायरवॉलवर आला, कारण पॅनिक तिथे दिसत होतं.

लूप ओळखायला ‘आयएफकॉन्फिग ब्रिज० अ‍ॅडर’ काही सेकंदांच्या अंतराने दोनदा चालवा. एकच मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) एकदा आतल्या कार्डावर आणि एकदा बाहेरच्या कार्डावर दिसला तर लूप फायरवॉलला वळसा घालून गेलाय. अ‍ॅड्रेस जागचा हलत नाही, पण ‘नेटस्टॅट -आय आयजीबी० -डब्ल्यू १’ (‘-आय’मधला आय मोठ्या लिपीतला; आयजीबी० हे कार्डाचं नाव, तुमच्याकडे वेगळं असू शकतं) मध्ये एका बाजूने पॅकेटांचा आकडा अचानक कित्येक पटींनी वाढलेला असेल, तर लूप त्या बाजूच्या स्विचांमध्ये आहे. मग एकेक अपलिंक काढत जा. ज्या केबलीला पूर थांबेल तिच्या पलीकडे शोध घ्या. पुढे असं होऊ नये म्हणून स्विचवर स्पॅनिंग ट्री (एसटीपी, लूप ओळखून एक वाट बंद ठेवणारी सोय) चालू करा. फायरवॉलवरही ‘आयएफकॉन्फिग ब्रिज० एसटीपी आयजीबी० एसटीपी आयजीबी१’ देता येतं.

वसतिगृह किंवा मोठं वायफाय असेल तर एक शांत कारण तपासा. ब्रिजचा अ‍ॅड्रेस तक्ता साधारणपणे २,००० नोंदींचा असतो आणि नोंद १,२०० सेकंद टिकते. हल्लीचे मोबाइल मॅक अ‍ॅड्रेस बदलत राहतात. तक्ता भरला की नव्या अ‍ॅड्रेसकडे जाणारी पॅकेटं ब्रिज सगळ्या पोर्टांवर पाठवतो, आणि पोर्ट दोनापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकासाठी वेगळी प्रत लागते. ‘मॅक्सअ‍ॅडर’ वाढवा.

पायरी ५: कार्डं आणि रांगा किती धरून बसल्यात?

एकही पॅकेट न येता क्लस्टर खर्च होतात. कार्डाच्या प्रत्येक रांगेला रिंग असते, आणि रिंगेतल्या प्रत्येक जागेवर एक रिकामा क्लस्टर ठेवावा लागतो. चार पोर्टचं कार्ड, प्रत्येक पोर्टाला ८ रांगा, प्रत्येक रांगेत १,०२४ जागा: झाले ३२,७६८ क्लस्टर, म्हणजे ६४ एमबी, नुसतं बूट झाल्यावर. फ्रीबीएसडी ९ पर्यंत बऱ्याच मशिनांवर मर्यादा २५,६०० असायची. जुन्या बॉक्समध्ये नवं कार्ड घातल्यावर तो उभाच राहत नाही, याचं कारण हे गणित.

दुसरा खादाड म्हणजे वेगमर्यादेच्या रांगा. डमीनेटमध्ये (फ्रीबीएसडीचा वेगमर्यादा लावणारा भाग) प्रत्येक यूजरला वेगळा पाइप मिळेल असा नियम असेल तर रांगेची लांबी गुणिले यूजरांची संख्या, एवढे एमबफ एकाच वेळी अडकू शकतात. रांगेत १,००० जागा आणि ५०० यूजर म्हणजे पाच लाख. रांग ५० जागांवर आणा. लांब रांगेने नेट वेगवान होत नाही, उलट पिंग वाढतो.

पीएफ या फिल्टरचा स्टेट टेबल (चालू कनेक्शनांची यादी) भरणं ही वेगळी बाब आहे, तिचा एमबफशी संबंध नाही. ‘पीएफसीटीएल -एसआय’मधले आकडे या हिशेबात मिसळू नका.

पायरी ६: ब्रिजची रचना सरळ करा

ब्रिजला आयपी द्यायचाच असेल तर तो ‘ब्रिज०’ला द्या, सदस्य कार्डाला नाही. सगळ्या सदस्यांचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सारखा ठेवा. ‘आरसी.कॉन्फ’मध्ये प्रत्येक सदस्य कार्डापुढे ‘अप -टीएसओ -एलआरओ’ लिहा. टीएसओ जाणाऱ्या मोठ्या डेटाचे तुकडे करायचं काम कार्डावर सोपवतो, एलआरओ आलेली पॅकेटं जोडून एक मोठं पॅकेट करतो. स्वतःसाठी डेटा घेणाऱ्या-देणाऱ्या सर्व्हरला हे चांगलं, पण पॅकेट जसंच्या तसं पुढे पाठवणाऱ्या ब्रिजला ते नको.

‘नेट.लिंक.ब्रिज.पीफिल_मेंबर’ आणि ‘पीफिल_ब्रिज’ या दोन्हींची किंमत बघा. दोन्ही १ असतील तर एकच पॅकेट फिल्टरमधून पुन्हा पुन्हा जातं. नियम कार्डांवर लिहिलेले असतील तर मेंबर १ आणि ब्रिज ० पुरे.

जुने लेख वाचताना सावध राहा. आजचा ब्रिज ड्रायव्हर २००५ मध्ये फ्रीबीएसडी ६.० सोबत आला. त्याआधीच्या लेखांत कर्नल नव्याने कंपाइल करा, त्यात एनएमबीक्लस्टर्सचा पर्याय घाला असं लिहिलेलं असतं. त्याची आता गरज नाही.

पायरी ७: आता आकडा वाढवा

पायरी ४ मधला आकार पहिल्या प्रकारचा निघाला आणि डिनाइडचा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल, तरच. फ्रीबीएसडी १० पासून मर्यादा रॅमवरून आपोआप ठरते: ८ जीबीच्या मशीनवर साधारण सव्वापाच लाख क्लस्टर, २ जीबीवर साधारण सव्वा लाख. तुमच्याकडे याहून फार कमी दिसत असेल तर आधीच्या माणसाने ‘लोडर.कॉन्फ’मध्ये जुना आकडा लिहून ठेवलाय का बघा. नुसती ती ओळ काढूनही काम होतं.

हिशेब सोपा आहे: आकडा गुणिले २ केबी. ६५,५३६ म्हणजे १२८ एमबी, दहा लाख म्हणजे जवळजवळ २ जीबी. ‘पीएफसेन्ससाठी दहा लाख’ हा सल्ला २ जीबी रॅमच्या बॉक्सवर उतरवू नका. गर्दीच्या वेळच्या करंटच्या दुप्पट ठेवा.

चालू मशीनवर ‘सिसीटीएल’ने आकडा वाढवता येतो, कमी करता येत नाही. कायमचा करायला तो ‘लोडर.कॉन्फ’मध्ये लिहा, कारण कार्डांच्या रिंगा बूटच्या सुरुवातीलाच भरतात. पीएफसेन्सवर ‘लोडर.कॉन्फ.लोकल’ वापरा, मूळ फाइल अपग्रेडमध्ये पुसली जाते. ओपीएनसेन्सवर सेटिंगमधल्या ट्यूनेबल्समध्ये टाका.

पायरी ८: बॅकट्रेस आणि नागपूरचा उन्हाळा

दोन-तीन पॅनिकचे बॅकट्रेस शेजारी ठेवा. दर वेळी तीच फंक्शनं, उदाहरणार्थ ‘एम_पुलअप’च्या पुढे ‘ब्रिज_पीफिल’ किंवा ‘पीएफ_टेस्ट’, दिसत असतील तर कोडमधला दोष. ‘एम_पुलअप’ला जागा मिळाली नाही की तो पॅकेट सोडून देतो आणि रिकामा पत्ता परत करतो. तो न तपासणारा कोड तिथेच पडतो.

दर वेळी वेगळंच फंक्शन, कधी डिस्क, कधी नेटवर्क, असं असेल तर रॅम किंवा उष्णता. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि सर्व्हरचं कपाट बहुतेक वेळा पश्चिमेच्या भिंतीला असतं. त्यात खोलीत डेझर्ट कूलर असला की ओलसर हवा आणि धूळ मिळून पंख्यावर आणि हीटसिंकवर थर धरतात. कूलरचा झोत मशीनवर कधीही सोडू नका. ‘सिसीटीएल डेव्ह.सीपीयू’मध्ये तापमान दिसत नसेल तर इंटेलवर ‘कोअरटेम्प’, एएमडीवर ‘एएमडीटेम्प’ मॉड्यूल लोड करा, आणि तो आकडाही दर मिनिटाच्या नोंदीत घ्या. मेमटेस्ट रात्रभर चालवा. शक्य असेल तर दुपारीही चालवा, कारण रात्रीच्या गारव्यात पास होणारी रॅम दुपारी दोनला नापास झालेली मी पाहिली आहे.

पायरी ९: तरीही पडत असेल तर

फ्रीबीएसडीच्या बगझिलावर (दोष नोंदवायच्या वेबसाइटवर) तक्रार नोंदवा. सोबत आवृत्ती, कार्डाचं मॉडेल, ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’, ब्रिजची रचना, पॅनिकच्या आधीच्या तासाभराच्या ‘नेटस्टॅट -एम’च्या नोंदी आणि बॅकट्रेस द्या. एवढं असेल तर डेव्हलपर मनापासून लक्ष घालतात; ‘फायरवॉल क्रॅश होते, मदत करा’ एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही.

व्हीएमकोअर मात्र कुठेही जाहीर टाकू नका. ती पडण्याच्या क्षणीची कर्नलची मेमरी आहे, तिच्यात तुमच्या ऑफिसातली खरी पॅकेटं असतात आणि पासवर्डही असू शकतात. कोअर.टीएक्सटीसुद्धा पाठवण्याआधी पूर्ण वाचा, त्यातले आयपी आणि मशीनची नावं बदला, आणि मूळ फाइल तुमच्याकडेच जपून ठेवा. डेव्हलपरने त्यातलं काही विचारलं तर ‘केजीडीबी’ (डम्प तपासायचं साधन) तुम्ही चालवा आणि फक्त उत्तर कळवा.